त्यांना कोणी भडकवलं? काळाराम ते येवला

मंडळी, आयोजकांनी आज विषय दिलाय तो 'ब्रेनवॉशिंग'. माणसांच्या मनात विश्वास कसे भरले जातात, आणि माणसं ते आपलेच म्हणून कसे बाळगतात, असा त्याचा अर्थ आपण घेऊ. नाशिकमध्ये बसून यावर बोलायचं तर उदाहरणासाठी फार लांब जायला नको. गोदावरी ओलांडून पंचवटीत गेलं की पुरे. पण शब्द मात्र दूरचा आहे, म्हणून आधी थोडं तिकडे जाऊन येऊ.

हा शब्द तसा अलीकडचा. १९५० साली एडवर्ड हंटर नावाच्या अमेरिकन पत्रकारानं तो इंग्रजीत रूढ केला. चिनी भाषेत 'मेंदू धुणं' अशा अर्थाचा शब्दप्रयोग होता, त्याचं हे शब्दशः भाषांतर. त्याच वर्षी कोरियाचं युद्ध सुरू झालं. १९५३ मध्ये ते थांबलं तेव्हा कैदेतल्या २१ अमेरिकन सैनिकांनी मायदेशी परत जायला नकार दिला आणि चीनला जाणं पसंत केलं. अमेरिकेला मोठा धक्का बसला. आपली पोरं असं करूच शकत नाहीत, अर्थात त्यांचे मेंदू धुतले असणार! मग अमेरिकेच्या गुप्तहेर खात्यानं स्वतःच हे तंत्र शोधायला घेतलं. माणसांना गुंगीची, भ्रम निर्माण करणारी औषधं देऊन पाहिली, काहींना तर न सांगता दिली. त्यातून माणसं उद्ध्वस्त झाली, पण हुकमी विश्वास पेरणारं यंत्र काही हाती लागलं नाही.

रॉबर्ट लिफ्टन या मनोविकारतज्ज्ञानं चीनमधून सुटून आलेल्या लोकांच्या हाँगकाँगमध्ये मुलाखती घेतल्या आणि १९६१ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. त्याला जादू सापडली नाही, सापडली ती व्यवस्था. माणसाच्या कानावर काय पडेल ते ठरवायचं. त्याच्याकडून त्याच्याच दोषांची कबुली पुन्हा पुन्हा घ्यायची. विचार तिथंच थांबेल अशी ठरीव वाक्यं त्याच्या तोंडी बसवायची. आणि बाहेर पडायची वाट बंद ठेवायची. हे चार मुद्दे लक्षात असू द्या, पुढे लागणार आहेत.

आता एक गंमत बघा. हा शब्द आपण कोणाबद्दल वापरतो? 'शेजारच्या मुलाचं ब्रेनवॉश झालंय.' 'त्या पक्षाच्या लोकांचं ब्रेनवॉश केलंय.' माझं ब्रेनवॉश चालू आहे, असं वर्तमानकाळात कोणीच म्हणत नाही. म्हणजे हा शब्द नेहमी दुसऱ्याला लावायचा आहे. त्यामुळे एक सोय होते. समोरच्याचं म्हणणं काय आहे ते ऐकायची गरजच उरत नाही. तो बोलतच नाहीये, त्याच्या तोंडून कोणीतरी दुसराच बोलतोय, असं म्हटलं की आपण मोकळे. आजच्या व्याख्यानाचा गाभा हाच आहे. ब्रेनवॉश हा प्रकार खरा आहे, पण 'यांचं ब्रेनवॉश झालंय' हा आरोपसुद्धा माणसांना गप्प बसवायचं एक साधन आहे. मग खरं कुठलं आणि नुसता आरोप कुठला, हे ओळखायचं कसं?

आम्ही तत्त्वज्ञानवाले लोक इथं जरा मागे जातो. दुसऱ्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवणं यात मुळात काही वाईट नाही. आपला जन्म कोणत्या तारखेला झाला, हे आपल्याला दुसऱ्यांनीच सांगितलेलं असतं. न्यायदर्शनात याला शब्दप्रमाण म्हणतात. विश्वासार्ह माणसाचं वचन हेही ज्ञानाचं साधन आहे. मग विश्वासार्ह माणूस, म्हणजे आप्त, कोण? वात्स्यायनानं न्यायभाष्यात दिलेली व्याख्या आजही वाचण्यासारखी आहे. ज्यानं ती गोष्ट स्वतः जाणली आहे, आणि जशी जाणली तशीच दुसऱ्याला सांगावी अशी ज्याची इच्छा आहे, तो आप्त. पुढे तो म्हणतो, ही व्याख्या ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ या सगळ्यांना सारखीच लागू आहे. म्हणजे आप्तपण जन्मावर नाही, पोशाखावर नाही, संख्येवर नाही. दोनच गोष्टी पाहायच्या. याला माहीत आहे का? आणि माहीत आहे ते हा जसंच्या तसं सांगतोय का? मनात विश्वास घुसवणारा माणूस बहुधा दुसऱ्या परीक्षेत नापास होतो. त्याला काहीतरी लपवायचं असतं.

आता आपल्या गावाकडे येऊ. शंभर वर्षांपूर्वीचं नाशिक जिल्ह्यातलं एखादं खेडं डोळ्यांसमोर आणा. गावाबाहेर महारवाडा. गावची मेलेली जनावरं ओढायची, सांगावे पोचवायचे, सरकारी कामगार आला की त्याची सरबराई करायची, गावच्या शिवेची राखण करायची. बदल्यात बलुतं, आणि दारोदार फिरून मिळणारी भाकर. पाणवठा वेगळा. देवळाच्या पायरीशी थांबायचं. समोर कोणी आलं की 'जोहार मायबाप'. यात विश्वास कुठं शिकवला? कोणी व्याख्यान दिलं नाही, पुस्तक वाचून दाखवलं नाही. पण दिवसातून वीस वेळा अंगानं तेच म्हणायचं, की आपण खालचे. पोर चालायला लागतं तेव्हा कुठल्या वाटेनं जायचं नाही हे शिकतं, आणि का जायचं नाही हा प्रश्न त्याला पुढे कधीतरी पडतो. तोवर शरीरानं उत्तर देऊन टाकलेलं असतं. शरीरानं रोज कबूल केलेली गोष्ट मनाला नाकारणं फार जड जातं. कोरियाच्या छावणीत काही महिने चाललं, ते इथं पिढ्यान् पिढ्या चाललं. आपण याला मंद धुलाई म्हणू.

आणि प्रश्न पडलाच, तर उत्तर तयार होतं. पूर्वजन्मीचं कर्म. आम्ही वर्गात तर्कशास्त्र शिकवायचो तेव्हा अन्योन्याश्रय दोषाला हेच उदाहरण द्यायचो. तू दुःखात का? कारण तू पाप केलंस. पाप केलं हे कशावरून? कारण तू दुःखात आहेस. दोन खांब एकमेकांना टेकून उभे, खाली जमीन नाही. पण ज्याला बाहेरचं काही ऐकूच येऊ दिलेलं नाही, त्याला हे दोन खांब म्हणजे भक्कम इमारत वाटते. चौदाव्या शतकातले आपले चोखोबा बघा. केवढा मोठा संत! देव माझाही आहे, मग मला दूर का ठेवता, असं विचारणारे अभंग त्यांच्या नावावर आहेत. आणि आपला हीन जन्म हे मागच्या जन्मीच्या अपराधाचं फळ आहे, असं सांगणारा अभंगही त्यांच्याच नावावर आहे. एकाच माणसाच्या तोंडी प्रश्नही आणि कबुलीही. पंढरपुरात त्यांची समाधी आहे ती महाद्वारासमोर, पायरीपाशी. लिफ्टननं कबुली घेण्याची जी पद्धत सांगितली, ती इथं शिपाई न ठेवता चालली होती.

या व्यवस्थेचा आणखी एक बळकट खिळा बाबासाहेब आंबेडकरांनी दाखवून दिला. ते म्हणायचे, आपल्याकडची विषमता श्रेणीबद्ध आहे. म्हणजे वर एक आणि खाली सगळे सारखे, असं नाही. पायऱ्या आहेत. जवळजवळ प्रत्येकाच्या खाली कोणीतरी आहे. त्यामुळे वरच्याविरुद्ध उठावं तर खालच्यावरचा मान जातो, ही भीती प्रत्येकाला. एकट्यादुकट्यानं रचलेली ही फसवणूक नव्हे. यात फसलेला माणूस दुसऱ्याला फसवलेलं ठेवण्यात हिस्सेदार असतो.

महात्मा फुल्यांनी या सगळ्याचं मर्म फार लवकर ओळखलं होतं. १८५५ साली त्यांनी 'तृतीय रत्न' नाटक लिहिलं. एक जोशी गरोदर शेतकरीणबाईकडे येतो, ग्रहांची भीती घालतो, मग त्यावर उपाय सांगतो, आणि ते भोळं जोडपं खर्चात बुडतं. क्रम बघा. आधी भीती, मग त्या भीतीवरचा इलाज, आणि दोन्ही एकाच्याच पोतडीत. मूल सुखरूप झालं तर शांतीचा गुण, नाही झालं तर शांतीत काही राहून गेलं. जोशी हरूच शकत नाही. जे विधान कुठल्याच परिस्थितीत खोटं ठरू शकत नाही ते विधान आपल्याला काहीच सांगत नसतं, हे तत्त्वज्ञ विसाव्या शतकात ठासून सांगू लागले. जोतीरावांनी ते रंगमंचासाठी लिहून ठेवलं होतं. नाटकाचा शेवट कुठं होतो? ते जोडपं रात्रीच्या शाळेत शिकायला जातं. दक्षिणा प्राइज कमिटीनं हे नाटक नाकारलं, आणि ते छापून यायला १९७९ साल उजाडलं. सव्वाशे वर्षं! काय ऐकू द्यायचं नाही हे ठरवणं म्हणजे काय, त्याचं हेही एक उदाहरण.

आता २ मार्च १९३०. रविवार. दांडीयात्रा सुरू व्हायला अजून दहा दिवस होते. नाशिकमध्ये सुमारे १५,००० अस्पृश्य स्त्री-पुरुष जमले होते. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली सभा झाली आणि मैलभर लांबीची मिरवणूक काळाराम मंदिराकडे निघाली. सत्याग्रह समितीचं काम सांभाळत होते ते दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे भाऊराव, म्हणजे दादासाहेब गायकवाड. वय अठ्ठावीसच्या आत. अमृतराव रणखांबे, पतितपावनदास, राजभोज अशी माणसं बरोबर होती. मंदिराचे दरवाजे बंद होते. मिरवणूक शांतपणे गोदावरीच्या घाटाकडे वळली, रात्री तिथं सभा झाली. दुसऱ्या दिवसापासून चारही दरवाजांवर सत्याग्रही बसले. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या.

दरवाजाच्या दोन्ही बाजूंना काय चाललं होतं, ते नीट बघा. आतल्यांनी मंदिर दीर्घकाळ बंद ठेवलं. म्हणजे स्वतःचंही रामदर्शन थांबवलं, पण दार उघडलं नाही. रामावर ज्यांची निष्ठा, त्यांनीच राम कोंडून ठेवला. विश्वास माणसाला स्वतःच्याच विरुद्ध कुठवर नेतो ते इथं दिसतं. ही माणसं दुष्ट होती असं म्हणून आपली सुटका होत नाही. त्यांच्यातल्या कित्येकांना मनापासून वाटत होतं की देव विटाळेल. त्यांचंही मन पिढ्यान् पिढ्या त्याच पाण्यात भिजलं होतं.

आणि बाहेर बसलेले? त्या २५ स्त्रियांचा विचार करा. जन्मभर ज्या पायरीशी थांबायचं, त्या पायरीशी 'आम्हाला आत यायचंय' म्हणून बसायचं. इथं एक प्रयोग आठवतो. त्यानंतर वीसेक वर्षांनी, १९५१ च्या सुमारास, सॉलोमन अॅश या मानसशास्त्रज्ञानं अमेरिकेत तो केला. खोलीत सात-आठ जण. समोरच्या रेघेइतक्या लांबीची रेघ तिघींतून ओळखायची, इतकं सोपं काम. पण एक सोडून बाकीचे सगळे आधीच पढवलेले, ते ठरवून चुकीचं उत्तर द्यायचे. बिचारा शेवटचा! चारांतल्या तिघांनी एकदा तरी डोळ्यांना दिसतंय ते सोडून घोळक्याचं उत्तर दिलं. पण अॅशनं पुढे एक बदल केला. घोळक्यातल्या एकानं खरं उत्तर द्यायचं. एकानंच. तेवढ्यानं शेवटच्या माणसाचं चुकीच्या उत्तराला मान डोलावणं एकदम कमी झालं.

काळारामच्या दारावर नेमकं हेच झालं. युक्तिवाद पूर्वीही झाले होते. फुल्यांनी केले, गोपाळबाबा वलंगकरांनी केले. आता जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतला माणूस डोळ्यांनी बघत होता की आपल्यातला एक जण उठून उघडपणे वेगळं उत्तर देतोय आणि आभाळ कोसळत नाहीये. अंगानं शिकलेला विश्वास अंगानंच सुटतो. बाबासाहेबांनी १९३४ साली दादासाहेबांना लिहिलेल्या पत्रात हे स्पष्ट केलं आहे. आपल्या लोकांनी मूर्तिपूजक व्हावं म्हणून सत्याग्रह सुरू केला नव्हता, त्यांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी, त्यांच्यात चेतना यावी म्हणून तो होता, असा त्या पत्राचा आशय आहे.

मग त्या काळी पंचवटीत, वाड्यावाड्यांतून, वर्तमानपत्रांतून प्रश्न कोणता विचारला जात होता? 'यांना कोणी भडकवलं?' आपले महार तर गरीब होते, मुकाट्यानं राहत होते, मग हे डोक्यात कोणी भरवलं? इंग्रजांची फूस आहे, आंबेडकरांनी बिघडवलंय, हा सूर त्या काळात वारंवार ऐकू येतो. हजार वर्षं मुकाट राहिले तेव्हा 'यांना मुकाट कोणी बसवलं' असं कोणी विचारलं नाही. बोलले, त्या दिवशी मात्र 'बोलायला कोणी शिकवलं' हा प्रश्न आला! मंडळी, हा प्रश्न ज्या क्षणी विचारला जातो तो क्षण पकडून ठेवा. माणूस आज्ञा पाळत असतो तोवर त्याचं मन त्याचंच आहे असं आपण धरून चालतो. त्यानं नकार दिला की लगेच त्याच्या मनाचा मालक शोधायला निघतो.

त्या नकाराची किंमत फार मोठी होती. एप्रिलमध्ये रथोत्सव आला. रथ ओढायला दोन्ही बाजूंची माणसं असावीत असं ठरलं होतं. प्रत्यक्षात रथ आधीच पळवून नेला गेला, आणि मग दगडफेक झाली. जिल्ह्यातल्या गावोगावी अस्पृश्यांच्या वाटा अडवल्या गेल्या, पोरांना शाळेतून हुसकलं, दुकानात जिन्नस मिळेना. म्हणजे बाहेर पडायची वाट बंद. लिफ्टनचा चौथा मुद्दा. वतनाची गोष्टही तीच. बलुत्यावर जगणारा माणूस मनानं मोकळा झाला तरी पोटानं बांधलेलाच. म्हणून बाबासाहेबांनी १९२८ मध्येच महार वतनाच्या कायद्यात बदल करायचं विधेयक मुंबईच्या कायदेमंडळात मांडलं होतं. मन मोकळं करायचं तर आधी भाकरीची दोरी सोडवावी लागते, हे त्यांनी ओळखलं होतं.

पाच वर्षं गेली. १३ ऑक्टोबर १९३५ ला आपल्याच जिल्ह्यात, येवल्याला परिषद भरली. हिंदू म्हणून जन्मलो हे माझ्या हातात नव्हतं, पण हिंदू म्हणून मरणार नाही, अशा आशयाची घोषणा बाबासाहेबांनी तिथं केली. काळारामचा सत्याग्रह थांबवायचं ठरलं.

आता इथं एक अवघड प्रश्न आपण स्वतःलाच विचारला पाहिजे, तो टाळून चालणार नाही. एक नेता उठतो, धर्म सोडायचा म्हणतो, आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो माणसं एका दिवसात धर्म बदलतात, २२ प्रतिज्ञा एका सुरात म्हणतात. हेही ब्रेनवॉशिंग नाही कशावरून? आपल्याला एक गोष्ट आवडते म्हणून ती प्रबोधन, आणि दुसऱ्याची आवडत नाही म्हणून तो बुद्धिभेद, असं म्हणायचं का? नाही. कसोटी एकच ठेवायची, आणि ती दोघांना लावायची.

तर लावून बघू. पहिली गोष्ट वेळेची. येवला ते नागपूर, एकवीस वर्षं. ज्याला मनं पळवायची असतात तो एकवीस मिनिटंही देत नाही. 'आत्ताच निर्णय घ्या, उद्या संधी नाही' ही त्याची भाषा. दुसरी गोष्ट विरोधाची. या एकवीस वर्षांत विरुद्ध बाजू झाकली गेली नाही. गांधीजींनी विरोध केला, मद्रासच्या एम. सी. राजांसारख्या अस्पृश्यांच्याच पुढाऱ्यानं उघड विरोध केला. वेगवेगळ्या धर्मांचे लोक आपापलं म्हणणं घेऊन आले. हे सगळं वर्तमानपत्रांतून छापून येत होतं. तिसरी गोष्ट आश्वासनाची. काळारामच्या पहिल्याच दिवशी बाबासाहेबांनी लोकांना सांगितलं होतं की मंदिरात गेल्यानं तुमचे सगळे प्रश्न सुटणार नाहीत, ही हिंदू मनाची परीक्षा आहे. जमलेल्या हजारो लोकांना आपल्याच लढ्याची मर्यादा सांगणारा नेता! वात्स्यायनाची दुसरी अट आठवा. जसं जाणलं तसं सांगायचं.

आणि चौथी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. मे १९३६ च्या अखेरीस मुंबईत महार परिषद झाली. तिथं बाबासाहेबांनी 'मुक्ती कोन पथे?' हे दीर्घ भाषण लिहून आणून केलं. धर्म का सोडायचा याचे मुद्दे मांडले, त्यावरचे आक्षेप मांडले, आक्षेपांना उत्तरं दिली. आणि भाषणाच्या शेवटी बुद्धाची एक गोष्ट सांगितली. अखेरच्या दिवसांत आनंदानं मार्गदर्शन मागितलं तेव्हा बुद्धानं त्याला सांगितलं, की आधार दुसऱ्यात शोधू नका, स्वतःच्या उजेडात चाला. म्हणजे आपल्यामागे येणाऱ्या समाजाला ते सांगत होते की निर्णय तुमच्या बुद्धीनं घ्या. अनुयायांना असं सांगणारे नेते फार थोडे. मेंदू धुणाऱ्याला हे परवडत नाही.

नागपुरातही १४ तारखेला दीक्षा झाल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांनी लांबलचक भाषण करून कारणं सांगितली. गर्दीत दीक्षा घेणाऱ्या प्रत्येकानं प्रत्येक मुद्दा तपासला होता, असा दावा आम्ही करत नाही. कुठल्याच गर्दीबद्दल तसं म्हणता येत नाही. आणि नेता कितीही मोकळा असला तरी अनुयायी त्याला प्रश्नांच्या पलीकडे नेऊन ठेवू शकतात, बाबासाहेबांच्या बाबतीतही ते होऊ शकतं. पण ज्याला तपासायचं होतं त्याला तपासायची सोय होती का? होती. ब्रेनवॉशिंगमध्ये नेमकी तीच सोय काढून घेतलेली असते.

आतापर्यंत मंद धुलाई पाहिली. आता जलद धुलाई. तिला पिढ्या लागत नाहीत, एक दुपार पुरते. २० मार्च १९२७, महाड. चवदार तळ्याचं पाणी पिऊन लोक परतले होते, मंडपात जेवणं चालली होती. तेवढ्यात गावात अफवा सुटली की आता हे वीरेश्वराच्या देवळात घुसणार. तसं काही ठरलेलंच नव्हतं. पण जमाव लाठ्या घेऊन आला आणि जेवणाऱ्या माणसांना मारहाण झाली. अफवा मोकळ्या रानात उगवत नाही. आधीच्या भीतीच्या ओलीवर ती रुजते. मंद धुलाईनं मन भिजवून ठेवलेलं असतं, जलद धुलाई त्यावर फक्त रंग चढवते.

हे जुनं झालं म्हणाल, तर शेजारच्या धुळे जिल्ह्यात चला. १ जुलै २०१८, साक्री तालुक्यातलं राईनपाडा. त्या वर्षी मुलं पळवणारी टोळी आल्याचे संदेश देशभर व्हॉट्सअॅपवरून फिरत होते. त्यांच्याबरोबर फिरणारी एक चित्रफीत तर मुळात कराचीतल्या एका संस्थेनं मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली जाहिरात होती. शेवटचा खुलासा तेवढा कापून टाकलेला. त्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागत आलेली, जमावाच्या हाती सापडली. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून त्यांना ठार मारलं गेलं. पिढ्यान् पिढ्या भटकून पोट भरणारी ही माणसं. मारणाऱ्यांपैकी कित्येकांना वाटत असेल की आपण लेकरं वाचवतोय.

महाड आणि राईनपाडा यांच्यात एक्क्याण्णव वर्षं आहेत, पण कृती एकच. भीती घालायची, वेळ द्यायचा नाही, आणि संशयितानं बोलायच्या आत त्याला गप्प करायचं. शेवटचा खुलासा कापलेली ती चित्रफीत मला फार अर्थपूर्ण वाटते. खोटं काही जोडलंच पाहिजे असं नाही. खरं तेवढं कापलं तरी भागतं. दक्षिणा प्राइज कमिटीनं नाटक अडवलं, इथं कोणा अज्ञात हातानं खुलासा अडवला.

मग आपण काय करायचं? आम्हाला चार प्रश्न उपयोगी वाटतात. ते दुसऱ्याला विचारायच्या आधी स्वतःला विचारायचे. एक, हे मी मानतो ते कोणत्या परिस्थितीत खोटं ठरेल? कुठल्याच नाही असं उत्तर आलं तर सावध व्हा. दोन, हे सांगणाऱ्यानं मला विचार करायला वेळ दिला का, की घाई केली? तीन, विरुद्ध बाजू मी तिच्याच माणसाच्या तोंडून ऐकली आहे का, की आपल्याच माणसानं केलेली तिची नक्कल ऐकली? आणि चार, हे मानणं मी उद्या सोडलं तर माझं काय होईल? वाळीत टाकतील, नोकरी जाईल, घरचे बोलणार नाहीत असं असेल, तर मी ते मानतो की मला ते मानावं लागतं, हे मलाच कळणार नाही.

हा चौथा प्रश्न फक्त स्वतःपुरता ठेवू नका. आपल्या घरात, संस्थेत, पक्षात कोणाला उद्या वेगळं मानायचं झालं, तर त्याला आपण काय किंमत मोजायला लावतो? आपण दारं बंद ठेवणारे आहोत की नाही, ते तिथं कळतं. काळाराम मंदिराचं दार स्वातंत्र्याच्या सुमारास झालेल्या मंदिरप्रवेशाच्या कायद्यानं उघडलं. कायद्याला लाकडी दार उघडता येतं. बाकीची दारं उघडायची जबाबदारी प्रत्येक घराची.

आणि यापुढे एखाद्या गटाबद्दल, एखाद्या मुलीबद्दल, एखाद्या समाजाबद्दल 'यांना कोणीतरी भडकवलंय' असं वाक्य कानावर आलं, तर जरा थांबा. ते खरंही असू शकेल. पण आधी एवढंच विचारा, की ते काय म्हणताहेत हे आपण त्यांच्या तोंडून ऐकलं का? नाशिकच्या दारावर १९३० मध्ये दीडशे माणसं बसली होती. त्यांना कोणी भडकवलं याची चर्चा पाच वर्षं चालली. त्यांचं म्हणणं तर एका वाक्याचं होतं. आम्हीही माणसं आहोत.

इथं आपण थांबूया. प्रश्न असतील तर जरूर विचारा, विरोधातले असतील तर ते आधी घेऊ.